डोकं आपटलं, टेंगूळ उतरलं, पण पोराची डोकेदुखी काही जात नाही

शेवंती_मुलुंड
मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. पावसामुळे सोसायटीतली पोरं खाली स्टिल्ट पार्किंगमध्येच खेळतात. पकडापकडी खेळताना ओल्या लादीवरून पाय सटकला आणि डोक्याची मागची बाजू खांबावर आपटली. शुद्ध गेली नाही, लगेच भोकाड पसरलं. चांगलंच मोठं टेंगूळ आलं. रिक्षात एकदा उलटी झाली म्हणून घाबरून जवळच्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी बॅटरी मारून डोळे बघितले, एका रेषेत चालायला लावलं, बोट नाकाला लावायला सांगितलं आणि काही तास तिथेच बसवून ठेवलं. मग म्हणाले, स्कॅनची गरज नाही, घरी न्या. कशाकशावर लक्ष ठेवायचं ते कागदावर लिहून दिलं.

याला आता दोन आठवडे होत आले. खातो-पितो, धाकट्याशी मारामारी करतो, रात्री नीट झोपतो. पण शाळेतून आला की दप्तर टाकून कपाळ धरून बसतो. गृहपाठाला बसला की दुखतं, टीव्ही लावला की दुखतं. सासूबाईंचं म्हणणं, फोटो काढलाच कसा नाही? नवरा म्हणतो, बाहेरून सीटी स्कॅन करून मोकळे होऊ. वर्गशिक्षिका म्हणतात, अभ्यास टाळायची नाटकं आहेत. घरादारात मिळून तीन मतं झाली, माझं चौथं काही ठरत नाही. कुणाच्या मुलांना असं झालंय का? किती दिवस चाललं?

मीठमिरची
बाप रे. उलटी एकदाच ना? नंतर नाही ना झाली? वाचतेय.

चाळकरी_गिरगाव
आम्ही चाळीच्या लाकडी जिन्यावरून गडगडत खाली यायचो. आई जमिनीवर दोन चापट्या मारून म्हणायची, "बघ, मुंगी मेली," की विषय संपला. खोक पडली तर हळद दाबायची, टेंगूळ आलं तर गार वाटीचा बूड दाबायचा. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली तर मुद्दाम परत एकदा टक्कर मारायची, नाहीतर शिंगं येतात. सीटी-बिटी कुणाला माहीत होतं? आमचं काय वाकडं झालं?

खारीबिस्कीट
काका, राजकारणाच्या धाग्यांवरचे तुमचे प्रतिसाद वाचलेत. वाकडं झालेलं आहे. (ह. घ्या.)

चाळकरी_गिरगाव
घेतलं हलकं. पण गंमत बाजूला ठेवून सांगतो, आमच्याच मजल्यावरचा एक पोरगा गच्चीच्या जिन्यावरून पडला होता. "झोपू द्या, बरं वाटेल," म्हणाले सगळे. रात्री उठवायला गेले तर उठेना. टॅक्सीत घालून नायर हॉस्पिटलला नेला. ऑपरेशन झालं, वाचला. तेव्हा दर वेळी मुंगीच मेलेली असते असं नाही, हे मलाही कळतं.

ओपीडीतून
मी बालरोगतज्ज्ञ आहे. मूल न बघता निदान करत नाही, पण शेवंतीताईंनी जे लिहिलंय त्यावर सर्वसाधारण सांगता येईल.

आधी "फोटो"बद्दल. कवटीच्या एक्स-रेमध्ये हाड दिसतं, मेंदू दिसत नाही. त्यामुळे आजींच्या समाधानासाठी एक्स-रे काढला तरी हाती काही लागत नाही. सीटीमध्ये आतला रक्तस्राव दिसतो, पण त्यासाठी मुलाला किरणोत्सर्ग झेलावा लागतो. लहान वयात त्याचा पुढच्या आयुष्यातल्या कॅन्सरच्या जोखमीवर थोडा का होईना, परिणाम असतो. जोखीम छोटी आहे, पण गरज नसताना ती का घ्या?

गरज कधी, यावर उत्तर अमेरिकेत बेचाळीस हजारांहून जास्त मुलांचा मोठा अभ्यास झाला आणि २००९ साली प्रसिद्ध झाला. आता बरेच डॉक्टर तोच नियम वापरतात. दोन वर्षांवरच्या मुलात सहा गोष्टी बघायच्या: मूल गुंगीत किंवा नेहमीपेक्षा वेगळं वागतंय का, शुद्ध हरपली होती का, उलटी झाली का, डोकेदुखी जबर आहे का, मार जोरदार होता का (म्हणजे पाच फुटांहून जास्त उंचीवरून पडणं वगैरे), आणि कवटीचा तळ फुटल्याची खूण आहे का. ती खूण म्हणजे कानामागे किंवा डोळ्यांभोवती काळंनिळं पडणं, कानानाकातून पाण्यासारखं काही येणं. यातलं काहीच नसेल तर आत काही गंभीर सापडण्याची शक्यता दोन हजारांत एकापेक्षाही कमी. पहिली किंवा शेवटची खूण असेल तर सीटी लगेच. मधल्या चारांपैकी एखादीच असेल, तुमच्याकडे ती एक उलटी होती, तर मुलाला काही तास नजरेसमोर ठेवायचं आणि बिघडलं तरच स्कॅन करायचा. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला बसवून ठेवलं ते उगाच नव्हे. ते बसवून ठेवणं हीच तपासणी होती.

आता दोन आठवडे झाले, मूल हुंदडतंय, झोपतंय, भावाला बदडतंय. आजच्या सीटीत बहुधा काहीच दिसणार नाही आणि तरीही डोकं दुखतच राहील. कारण असल्या माराने मेंदूत रक्त साकळलेलं नसतं, पेशींचं काम विस्कटलेलं असतं. पेशींच्या आतबाहेरचे क्षार इकडेतिकडे होतात, ते जागेवर आणायला मेंदूला जास्त ऊर्जा लागते आणि नेमका तेव्हाच रक्तपुरवठा थोडा मंदावलेला असतो. सिग्नल दुरुस्त झाला तरी लोकलचं वेळापत्रक रात्रीपर्यंत कोलमडलेलंच असतं, तसं समजा. स्कॅन रूळ दाखवतो, वेळापत्रक दाखवत नाही.

बहुतेक मुलं दोन ते चार आठवड्यांत बरी होतात. काहींना दोन-तीन महिने लागतात. तीन महिन्यांच्या वर गेलं तर आम्ही त्याला रेंगाळलेली डोकेदुखी म्हणतो आणि वेगळ्या पद्धतीने बघतो.

घाटकोपर_स्लो
डॉक्टरसाहेब, आदर राखून असहमत. आकडे आकड्यांच्या जागी. माझा भाचा पलंगावरून पडला, वय दीड वर्ष. हसत-खेळत होता, कानाच्या वर फक्त मऊ सूज. बहिणीने हट्ट धरला म्हणून स्कॅन झाला आणि कवटीला फ्रॅक्चर निघालं. हट्ट धरला नसता तर? आईबापाच्या मनाची शांती याला काही किंमत आहे की नाही?

ओपीडीतून
तुमच्या बहिणीने योग्यच केलं, पण तो नियमाच्या बाहेरचा प्रकार नाही. दोन वर्षांखालच्या मुलांचे निकष वेगळे आहेत. कपाळ सोडून डोक्यावर इतरत्र सूज, तीन फुटांहून जास्त उंचीवरून पडणं, पाच सेकंद का होईना शुद्ध जाणं, हाताला कवटी खचलेली लागणं, आणि "आमचं बाळ नेहमीसारखं नाही" असं आईबापांनी म्हणणं. हा शेवटचा मुद्दा त्या यादीत रीतसर आहे बरं का. कानावरची मऊ सूज दीड वर्षाच्या बाळात आम्हालाही खटकते. कपाळावरचं टेंगूळ त्या मानाने गरीब.

घाटकोपर_स्लो
हे माहीत नव्हतं. धन्यवाद. तरी शेवंतीताईंच्या मिस्टरांच्या जागी मी असतो तर सीटी केलाच असता, हे कबूल करतो.

पेन्सिलबॉक्स
शेवंती, माझ्या मुलीचं अगदी असंच झालं होतं. स्कूलबसमधल्या खांबावर कपाळ आपटलं. खरचटलंसुद्धा नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून डोकेदुखी. शाळेत सांगितलं तर उत्तर आलं, "जखम कुठे आहे?" हा प्रश्नच घात करतो. पायाला प्लास्टर असलं की अख्खा वर्ग सही करायला येतो, डोक्यातलं दिसत नाही म्हणून ते नाटक.

मी तेव्हा एक वही केली होती. किती वाजता दुखलं, त्याआधी काय चाललं होतं, जेवली होती का, पाणी किती प्यायली, रात्री झोपली कधी. आठवडाभरात चित्र दिसायला लागलं. डबा अर्धा परत यायचा त्या दिवशी हमखास दुखायचं. फळ्यावरचं उतरवून घ्यायचा तास लागोपाठ दोनदा असला की दुखायचं. रविवारी आजोबांबरोबर राणीच्या बागेत दिवसभर भटकली, तरी काही नाही! तेव्हा मलाही वाटलं, अरे, म्हणजे शाळाच नको आहे की काय हिला. पण डॉक्टरांनी समजावलं: बागेत नजर लांब असते, हवं तेव्हा बसता येतं. वर्गात फळा-वही, फळा-वही असा डोळ्यांचा सारखा व्यायाम चालतो, वर चाळीस पोरांचा कलकलाट. थकलेल्या मेंदूला ते झेपत नाही. नाटक करणारं मूल सापळा लावल्यासारखं बरोबर गणिताच्या तासालाच आजारी पडेल, हिला तर चित्रकलेलाही दुखायचं आणि चित्रकला तिचा जीव की प्राण.

सौ_अंधेरी
वहीची कल्पना आवडली. माझा एक प्रश्न. आमच्या डॉक्टरांनी मागे सांगितलं होतं की अंधाऱ्या खोलीत पूर्ण विश्रांती, टीव्ही-मोबाइल-पुस्तक सगळं बंद. किती दिवस करायचं असतं असं?

ओपीडीतून
पूर्वी सांगायचे, आता नाही. पहिले एक-दोन दिवस आराम, तोही घरात हळूहळू वावरत. मग चालणं-फिरणं सुरू करायचं आणि थोडंथोडं वाढवायचं. २०१५ साली अमेरिकेत मोठ्या मुलांवर प्रयोग झाला. एका गटाला नेहमीसारखा एक-दोन दिवस आराम, दुसऱ्याला पाच दिवस सक्तीचा. पाच दिवसवाल्या मुलांनीच जास्त तक्रारी सांगितल्या. मूल अंधारात पडून राहिलं की झोप बिघडते, मित्र सुटतात, अभ्यास साचतो, आणि स्वतःच्या डोक्याकडे लक्ष देण्याखेरीज दुसरा उद्योग उरत नाही.

मोबाइलचं मात्र खरं आहे. २०२१ मध्ये १२ ते २५ वयाच्या लोकांवर अभ्यास झाला. पहिले ४८ तास स्क्रीन बंद ठेवणारे साधारण साडेतीन दिवसांत सावरले, न ठेवणाऱ्यांना आठ दिवस लागले. पण ते पहिल्या दोन दिवसांचं गणित आहे. दोन आठवड्यांनी मोबाइल पूर्ण काढून घेणं ही शिक्षा झाली, उपचार नव्हे.

खारीबिस्कीट
शेवटचं वाक्य आमच्या घरातल्या फ्रिजवर चिकटवण्यात आलं आहे. चिकटवणारा: वय ११.

लेफ्टआर्म_लोअरपरळ
अवांतर: क्रिकेटमध्ये २०१९ पासून डोक्याला असा मार बसला की बदली खेळाडू मिळतो. लॉर्ड्सला इंग्लंडच्या आर्चरचा चेंडू ऑस्ट्रेलियाच्या स्मिथच्या मानेवर बसला आणि त्याच्या जागी लाबुशेन आला, तो पहिला. पुढे २०२० मध्ये कॅनबेऱ्याला जडेजाच्या हेल्मेटवर स्टार्कचा चेंडू लागला, जडेजाच्या जागी चहल आला आणि तीन विकेट काढून सामनावीर होऊन गेला. ऑस्ट्रेलियाच्या कोचचा, लँगरचा, चेहरा आठवतोय का?

पण आपल्या मैदानांवर काय चालतं? शिवाजी पार्कला शनिवारी सकाळी जा. एका मैदानात इतक्या मॅचेस की शेजारच्या मॅचचा फटका तुमच्या पोराच्या डोक्यात. बारा वर्षांचं पोर सीझन बॉल खेळतं, डोक्याला लागलं तर कोच पाण्याची बाटली ओततो आणि "चल, उभा राहा". माझ्या पुतण्याला असंच परत नेटमध्ये पाठवलं होतं.

ओपीडीतून
हे अवांतर नाही. डोक्याला मार लागला अशी शंका जरी आली तरी त्या दिवशी मूल परत मैदानात जाता कामा नये. पहिल्यातून सावरायच्या आत दुसरा मार बसला तर मेंदूला अचानक सूज येऊ शकते. क्वचित घडतं, पण घडलं तर जिवावर बेततं.

गोविंदा_आला_रे
मग दहीहंडीचं काय बोला. वरच्या थरावर पोरंच लागतात.

चाळकरी_गिरगाव
लागतात नव्हे, लागायची. चौदा वर्षांखालच्या मुलांना चढवणार नाही असं सरकारने २०१७ साली हायकोर्टात सांगितलंय. पाळतात किती, ते गल्लीगल्लीत उभं राहून बघा. आता सरावाला निदान दोर आणि गाद्या दिसतात.

मीठमिरची
आणि स्कूटरवर पुढे उभी केलेली पोरं? बापाच्या डोक्यावर हेल्मेट, पोराच्या डोक्यावर वॉटरबॅगचा पट्टा. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट सक्तीचं आहे, त्याहून लहान मुलांसाठीही २०२३ पासून हेल्मेट आणि पट्टा लागतो. आमच्या शाळेच्या गेटवर रोज सकाळी बघते, एकाच्याही डोक्यावर नसतं.

अॅडमिनचा_मेहुणा
दहीहंडी आणि हेल्मेटसाठी वेगळा धागा काढा, इथे मूळ प्रश्नावर या.

तुळशीकट्टा
शेवंतीबाई, सुंठ उगाळून कपाळावर लेप द्या आणि रात्री तळपायाला काशाच्या वाटीने तूप चोळा. गोळ्या देऊ नका. माझ्या नातवाला गुण आला.

सौ_अंधेरी
लेप लावून गप्प पडलं की बरं वाटतंच. पण गोळ्या देऊ नका हे सरसकट नको, आजी. पोर कळवळत असेल तर पॅरासिटामॉल द्यायला काय हरकत?

ओपीडीतून
सुंठेने कातडी भाजत नसेल तर माझी ना नाही, आजी. तूप तर मलाही आवडेल.

गोळ्यांचं दोन्हीकडून खरं आहे. पॅरासिटामॉल मुलाच्या वजनावर असतं, एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. मोठ्यांची गोळी अर्धी मोडून अंदाजाने देऊ नका. ॲस्पिरिन मुलांना अजिबात नाही. आणि आठवड्यात दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त वेळा गोळी लागायला लागली तर थांबून डॉक्टरांकडे जा. महिन्याचे पंधरा दिवस आणि असे काही महिने गोळी घेतली की गोळीमुळेच डोकं दुखायला लागतं. डोकेदुखी लांबलेली अर्धीअधिक पोरं मला त्या चक्रात सापडतात.

शेवंतीताई, दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. घरात कुणाला अर्धशिशी आहे का? आणि मान दुखते का त्याची?

शेवंती_मुलुंड
सगळे प्रतिसाद वाचले, नवऱ्यालाही वाचायला दिले. तो आता "शनिवारपर्यंत थांबू" इथवर आलाय.

अर्धशिशी मला आहे, दहावीपासून. माझ्या आईलाही होती. मानेचं विचारलंत म्हणून आज दाबून बघितलं, तर मागे डाव्या बाजूला हात लावू देईना. दप्तर डाव्याच खांद्यावर अडकवतो हो तो, दोन्ही पट्टे लावले तर मित्र चिडवतात म्हणे. वहीही सुरू केली. पहिल्याच दिवशीची नोंद: सकाळी दूध नको म्हणाला, डब्यातली पोळी-भाजी मित्राला, त्याच्या बदल्यात वेफर्स. साडेतीनला डोकं दुखलं.

आणि गोळी... मी जवळजवळ रोज देत होते की. एक गोळी, पाणी, पड जरा, असं.

पेन्सिलबॉक्स
वेफर्स! निम्म्या डोकेदुख्या मधल्या सुट्टीत होतात गं.

ओपीडीतून
मग बरंच कळलं. घराण्यात अर्धशिशी असली की मुलाचा मेंदू मुळातच हळवा असतो आणि असा मार कधीकधी ती डोकेदुखी जागी करतो. त्या मुलांना बरं व्हायला वेळ जास्त लागतो. मान आखडली असेल तर तिथूनही डोकं धरतं, त्याला साधे व्यायाम आणि फिजिओथेरपी असते. मान दाबल्यावर नक्की हाडावर दुखतं की बाजूच्या स्नायूवर, ते डॉक्टरांना बघू द्या, घरी चोळत बसू नका. एकदा डोळेही तपासून घ्या, चौथी-पाचवीत नंबर निघायचं वय असतं आणि दोष पडण्यावर जातो.

गोळी रोजची बंद करा. दोन-चार दिवस कुरकुर करेल.

सीटी आता नको असं मी म्हणतोय, पण कधी थांबायचं नाही तेही सांगतो. पहाटे डोकेदुखीने झोपेतून उठू लागला, सकाळी उठल्याउठल्या उलटी होऊ लागली, दोन-दोन दिसू लागलं, चालताना तोल जाऊ लागला, बोलणं अडखळलं, एक हात-पाय जड वाटला, फिट आली, किंवा दुखणं दिवसेंदिवस चढतंच गेलं, तर शनिवारची वाट बघू नका. रात्री-अपरात्री १०८ ला फोन करा.

घाटकोपर_स्लो
हे सगळ्यांनी उतरवून घ्या. मी घेतलं.

शेवंती_मुलुंड
शाळेचं काय करू? पुढच्या महिन्यात वार्षिक खेळांची निवड आहे, तो रिलेत आहे. पीटीचे सर म्हणतात, एकतर पळ नाहीतर नाव काढतो.

ओपीडीतून
शाळा बंद करू नका. डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या: आठवडाभर फळ्यावरून उतरवून घेण्याऐवजी शेजारच्याची वही, दोन तासांनी पाच मिनिटं बाहेर मोकळं बसणं, गृहपाठ निम्मा. पळण्याचं टप्प्याटप्प्याने. आधी भरभर चालणं, मग एकट्याने हलकं पळणं, मग शर्यतीचा सराव. प्रत्येक पायरीवर किमान एक दिवस. डोकं किंचित दुखलं आणि तासाभरात थांबलं तर चालेल. जास्त दुखलं तर एक पायरी खाली. धक्काबुक्कीचे खेळ, म्हणजे कबड्डी, फुटबॉल, सीझन बॉल, हे डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच.

लेफ्टआर्म_लोअरपरळ
पीटीच्या सरांना सांगा, भारताने कॅनबेऱ्यात चहल आणला होता, तुम्ही रिलेला एक राखीव पोरगा आणा.

शेवंती_मुलुंड
सांगते. शनिवारी परळला वाडिया हॉस्पिटलात मुलांच्या मेंदूविकारांच्या डॉक्टरांना दाखवायचं ठरलंय. आमच्या डॉक्टरांनीच चिठ्ठी दिली. मुलुंडहून स्लोने परळ, पुढे चालत जाता येतं ना?

चाळकरी_गिरगाव
आरामात. केईएम हॉस्पिटलच्या बाजूलाच आहे, कुणालाही विचारा. केसपेपरच्या रांगेसाठी लवकर निघा, एकाने रांगेत उभं राहायचं आणि दुसऱ्याने पोराला काहीतरी खायला घालायचं. जुने कागद, ती वही आणि गोळीची रिकामी पट्टी बरोबर न्या. आणि दप्तर घरी ठेवा.

तुळशीकट्टा
नाचणीचे लाडू द्या डब्याला. वेफर्सशी अदलाबदल होत नाही, कुणी घेतच नाही.